तीन दिवस, सात माणसं, एक प्रश्न!

मीटिंगवर मीटिंग होतात, तरी प्रश्न तिथंच? मग कॅलेंडर मोकळं करा, लॅपटॉप मिटा आणि मोजकी माणसं घेऊन एका खोलीत बसा. छोट्याशा वर्कशॉपची ही करामत, खोलीत बसलेल्या एकीच्या नजरेतून...

तुमच्या ऑफिसातही अशी एक मीटिंग असेलच. दर मंगळवारी, साडेअकराला. विषय तोच, माणसं तीच आणि बिस्किटंही तीच. कुणीतरी मागच्या महिन्याचीच एक्सेल शीट उघडतं, कुणी टेबलाखाली मोबाइलवर दुपारचं जेवण ऑर्डर करतं, कुणी मान डोलावत डुलकी काढतं. आणि शेवटी ठरतं काय, तर पुढच्या मंगळवारी परत भेटायचं! मग मेलवर ‘मिनिट्स ऑफ मीटिंग’ येतात. ते कुणी उघडत नाही. सहा महिन्यांनी तोच प्रश्न नव्या पीपीटीत, नव्या रंगाच्या ग्राफसकट पुन्हा हजर!

हा रोग जुना आहे, मंडळी. सी. नॉर्थकोट पार्किन्सन नावाच्या ब्रिटिश इतिहासकाराने १९५५ मध्येच ‘द इकॉनॉमिस्ट’मध्ये लिहून ठेवलंय, की हातातल्या कामाला जेवढा वेळ द्याल तेवढं ते पसरत जातं. त्याने ते अर्धं गमतीत लिहिलं होतं, पण कुठल्याही ऑफिसात अर्धा दिवस काढलेल्या माणसाला त्यातलं खरं काय ते लगेच कळतं.

मग उलटं करून बघितलं तर? वेळच कमी दिला तर? एक प्रश्न घ्यायचा, त्याच्याशी खरोखर संबंध असलेली पाच-सात माणसं निवडायची, त्यांना दोन-तीन, फार तर पाच दिवस बाकी सगळ्या कामातून सोडवायचं आणि सांगायचं, उत्तर घेऊनच बाहेर या.

आता ‘वर्कशॉप’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं, मला माहितीये! लोणावळ्याचं रिसॉर्ट, सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट, डोळ्यांवर पट्टी बांधून सहकाऱ्याच्या हातांत मागच्या मागे पडायचं आणि संध्याकाळी डीजे. मजा येते, नाही म्हणत नाही. पण सोमवारी ऑफिसात आलं की प्रश्न खुर्चीत बसून आपली वाट बघत असतो. मी सांगतेय ते वर्कशॉप वेगळं. इथं टी-शर्ट नाही, डीजे नाही. आणि खरं सांगू? तीन दिवसांनंतर डोकं अक्षरशः पिळून निघतं.

ही भानगड आली कुठून?

अशा बैठकांचा एक गाजलेला अवतार अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकमध्ये जन्माला आला. १९८८ सालची गोष्ट. कंपनीचा प्रमुख जॅक वेल्श क्रोटनव्हिलच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये जायचा, तेव्हा तिथं आलेले मॅनेजर त्याला एकदम सडेतोड प्रश्न विचारायचे. तेच मॅनेजर आपापल्या ऑफिसात परतले, की मात्र तोंडाला कुलूप! वेल्शला वाटलं, इथं जे बोललं जातं ते तिथं का बोललं जात नाही? त्यातून ‘वर्क-आउट’ नावाचा प्रकार निघाला.

पद्धत साधी होती. कामगार, कारकून, इंजिनिअर, सुपरवायझर यांना दोन-तीन दिवस एकत्र बसवायचं. साहेब सुरुवातीला चार शब्द बोलून बाहेर जाणार. आत मंडळींनी डोकं खाजवायचं, कुठलं काम फुकट आहे, कुठला फॉर्म निरर्थक आहे, हे सगळं काढायचं. शेवटच्या दिवशी साहेब परत येणार आणि प्रत्येक सूचनेवर सगळ्यांसमोर उत्तर देणार. उत्तरं तीनच. हो, नाही, किंवा ‘मला आणखी माहिती हवी’. तिसरं उत्तर दिलं तर तारीखही द्यायची. ‘बघू’ हा शब्द बाद!

मॅसॅच्युसेट्समधल्या लिन इथं जीईचा विमानांच्या इंजिनांचा कारखाना. तिथले एक विभागप्रमुख आर्मंड लॉझन यांच्यावर असा प्रसंग आला. समोर एकूण १०८ सूचना आणि एकेका सूचनेला जेमतेम मिनिटभर! त्यांचे साहेबही खोलीत, पण अशा जागी बसलेले, की त्यांच्या चेहऱ्याकडे बघून अंदाज घ्यायची सोय नाही. लॉझन यांनी १०० सूचनांना जागच्या जागी होकार दिला. त्यातली एक भारी होती. ग्राइंडिंग मशीनसाठी संरक्षक पत्रे बनवायचे होते आणि बाहेरच्या कंत्राटदाराने ९६ हजार डॉलर सांगितले होते. कारखान्यातले कामगार म्हणाले, आम्हालाही बोली लावू द्या. त्यांनी ते काम १६ हजारांत घेतलं. डिझाइन कुठं काढलं होतं? खाकी कागदी पिशवीवर!

गुगलवाला आठवडा

आपल्या पिढीला जास्त ओळखीचा आहे तो ‘डिझाइन स्प्रिंट’. जेक नॅप नावाचा एक डिझायनर गुगलमध्ये होता. २००९ मध्ये तो स्टॉकहोमच्या ऑफिसात गेला आणि तिथल्या दोन सहकाऱ्यांबरोबर बसला. ब्राउझरमध्ये व्हिडिओ कॉल कसा करता येईल, हा प्रश्न. थोडे दिवस हातात आणि परतीचं तिकीट काढलेलं. त्या थोड्या दिवसांतच चालणारा नमुना तयार झाला आणि त्यातूनच पुढे गुगल हँगआउट्स आलं. हँगआउट्स २०२२ मध्ये बंद झालं, पण नॅपच्या डोक्यात किडा सोडून गेलं. एरवी महिनोन्‌महिने जे होत नाही, ते या मोजक्या दिवसांत कसं झालं?

२०१० पासून त्याने गुगलमध्ये हा प्रयोग पद्धतशीर सुरू केला. २०१२ मध्ये तो गुगल व्हेंचर्समध्ये गेला आणि तिथं एकामागून एक स्टार्टअप कंपन्यांना घेऊन बसला. २०१६ मध्ये जॉन झेराट्स्की आणि ब्रेडन कोविट्झ यांच्याबरोबर त्याने ‘स्प्रिंट’ हे पुस्तक लिहिलं. सोमवारी प्रश्नाचा नकाशा. मंगळवारी प्रत्येकाने आपापलं उत्तर कागदावर काढायचं. बुधवारी एक उत्तर निवडायचं. गुरुवारी त्याचा खोटा-खोटा पण खऱ्यासारखा दिसणारा नमुना करायचा. शुक्रवारी तो पाच ग्राहकांपुढे ठेवायचा आणि गप्प बसून बघायचं. बस्स, एवढंच!

पुस्तकात सॅव्हिओक नावाच्या कंपनीचा किस्सा आहे. त्यांनी हॉटेलच्या खोल्यांत वस्तू पोहोचवणारा रोबो बनवला होता. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका हॉटेलात तो उतरायचा होता आणि मंडळींना धास्ती एकच. दार उघडल्यावर समोर रोबो बघून पाहुणे घाबरले तर? चिडले तर? स्प्रिंटमध्ये त्याला साधासा चेहरा दिला, थोडे आवाज दिले आणि काम झाल्यावर करायला एक छोटासा नाच. शुक्रवारी खऱ्या हॉटेलात खऱ्या माणसांच्या दारात टूथब्रश घेऊन रोबो उभा राहिला. पाहुण्यांना तो आवडला! ही गोष्ट चकचकीत मीटिंग रूममध्ये बसून महिनाभर वाद घालून कळली नसती.

आमच्या ऑफिसातली गोष्ट

आता तुम्ही म्हणाल, कॅलिफोर्निया राहू दे, आपल्याकडे काय? तर ऐका. मी पुण्यात एका कंपनीत ऑपरेशन्स सांभाळते. नाव सांगत नाही, नोकरी प्रिय आहे! घरोघरच्या पाण्याच्या फिल्टरची सर्व्हिस करणं हा आमचा धंदा. आणि आमचं दुखणं होतं ‘घर बंद’.

म्हणजे असं, की ग्राहक तक्रार नोंदवतो, टेक्निशियन बाइकवर बॅग लावून निघतो, वारज्याहून बाणेरपर्यंत ट्रॅफिक तुडवत जातो, तीन मजले चढतो आणि दाराला कुलूप! आमच्या टेक्निशियनला पूर्ण झालेल्या कॉलमागे पैसे मिळतात. घर बंद म्हणजे कमाई शून्य आणि पेट्रोल स्वतःच्या खिशातून. ग्राहकाचा दुसऱ्या दिवशी फोन येतोच, ‘तुमचा माणूस आलाच नाही!’ दोन महिन्यांत आमचे तीन चांगले टेक्निशियन नोकरी सोडून फूड डिलिव्हरीला गेले होते.

मंगळवारच्या मीटिंगमध्ये यावर प्रत्येकाकडे उत्तर तयार होतं. कस्टमर केअर म्हणायचं, टेक्निशियन उशिरा जातात. टेक्निशियन म्हणायचे, वेळच चुकीची दिलेली असते. सेल्सचं म्हणणं, ग्राहकच बेफिकीर. आणि आयटीचं एकच पालुपद, ‘ट्रॅकिंग अ‍ॅप घेऊया’. अ‍ॅपवाल्या कंपनीचं कोटेशनही आलं होतं. आकडा लाखांत.

आमच्या ऑपरेशन्सच्या सरांनी ते ‘स्प्रिंट’ पुस्तक वाचलेलं. पाच दिवस कुणी कुणाला सोडणार नाही, म्हणून तीन दिवसांवर तडजोड झाली. सूत्रसंचालन माझ्याकडे आलं. सोसायटीच्या गणपतीत दरवर्षी माइक माझ्याच हातात असतो, एवढंच माझं क्वालिफिकेशन!

खोलीत सात जण. सर, कस्टमर केअरची एक मुलगी, सहा वर्षं रस्त्यावर काढलेले एक टेक्निशियन दादा, अकाउंट्सचे एक काका, आयटीतला मुलगा, सेल्सचा एक जण आणि मी. मोबाइल जमा करायला स्टीलचा डबा. वेळ मोजायला घरून आणलेला स्वयंपाकघरातला टायमर. लॅपटॉप बंद.

पहिला दिवस: प्रश्न कुठला?

सकाळी फळ्यावर प्रश्न लिहिलेला होता, ‘कोणतं अ‍ॅप घ्यायचं?’ दुपारपर्यंत तो पुसला गेला. कारण तक्रारीच्या फोनपासून दार उघडेपर्यंत नक्की काय काय घडतं, हे आधी काढायचं ठरलं. आणि ते सबंध माहीत असलेला एकही माणूस खोलीत नव्हता! प्रत्येकाला आपापला तुकडा तेवढा ठाऊक.

दादांनी खडू हातात घेतला. सकाळी यादी मिळते, मग ते स्वतःच्या नंबरवरून ग्राहकाला फोन करतात. अनोळखी नंबर कोण उचलतंय हल्ली? सगळ्यांना वाटतं, लोन विकायला फोन आला. मग दादा नशिबावर हवाला ठेवून निघतात.

मग कस्टमर केअरची मुलगी बोलली. आवाज बारीक, पण बोलली. ग्राहकाला आमच्याकडून जो एसएमएस जातो तो इंग्रजीत असतो आणि त्यात वेळ असते सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. ‘सर, दहा ते सहा घरी कोण बसतं? लोक मला विचारतात, नक्की किती वाजता येणार? माझ्याकडे टेक्निशियनचा नंबरच नसतो. मी काय सांगू?’

सर म्हणाले, ‘हे आधी का नाही सांगितलं?’

ती म्हणाली, ‘टीम लीडरला सांगितलं होतं, सर. दोनदा.’

खोलीत एकदम शांतता. सरांनी स्वतः उठून फळ्यावरचं ‘अ‍ॅप’ पुसलं. त्या जागी लिहिलं, ‘ग्राहक दार उघडेल, यासाठी आदल्या दिवशी काय व्हायला हवं?’ प्रश्न बदलला आणि लाखांचं कोटेशन त्या क्षणी फाइलमध्ये गेलं.

दुसरा दिवस: गप्प बसा!

दुसऱ्या दिवशीचा नियम सगळ्यांना विचित्र वाटला. बोलायचं नाही. प्रत्येकाने चाळीस मिनिटं एकट्याने, कागदावर आपलं उत्तर काढायचं. आयटीच्या मुलाचे उसासे ऐकू येत होते. सेल्सवाला तर बोलल्याशिवाय पाच मिनिटंही राहू शकत नाही, त्याचे हाल बघवेनात!

पण यामागे शास्त्र आहे. एकत्र बसून धडाधड कल्पना ओरडायच्या, हे ‘ब्रेनस्टॉर्मिंग’ अ‍ॅलेक्स ऑस्बॉर्न या जाहिरात कंपनीवाल्याने लोकप्रिय केलं. त्याचं १९५३ चं पुस्तक खूप गाजलं. पुढे १९५८ मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी ते तपासून पाहिलं. चार-चार जणांचे गट एकीकडे आणि एकेकटे बसून विचार करणारे दुसरीकडे. एकेकट्या चौघांच्या कल्पना एकत्र केल्या आणि पुन्हा-पुन्हा आलेल्या वगळल्या, तरी त्या गटापेक्षा कितीतरी जास्त भरल्या. असं का? १९८७ मध्ये मिखाएल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबं या दोघांनी त्याचं मोठं कारण दाखवलं. एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. बाकीचे आपली पाळी येण्याची वाट बघतात आणि तेवढ्यात डोक्यातलं निसटून जातं.

आपल्या ऑफिसांत याला आणखी एक पदर आहे. सर बोलले की बाकीच्यांची बोलती बंद. कागदाला मात्र पद नसतं.

चाळीस मिनिटांनी सातही कागद नावं न घालता भिंतीवर चिकटवले. मतं द्यायला मी तुळशीबागेतून लाल टिकल्यांची पाकिटं आणली होती. जे आवडेल त्याला टिकली लावायची, तोंड उघडायचं नाही! सेल्सवाल्याच्या ‘घरी थांबा आणि गिफ्ट व्हाउचर मिळवा’ योजनेला एकच टिकली मिळाली. ती कुणी लावली, हे विचारू नका.

सगळ्यात जास्त टिकल्या एका वेड्यावाकड्या चित्राला होत्या. आदल्या संध्याकाळी ग्राहकाला व्हॉट्सअ‍ॅपवर मराठीत किंवा हिंदीत मेसेज जाईल. त्यात येणाऱ्या माणसाचा फोटो, नाव, नंबर आणि दोन तासांची वेळ. खाली उत्तराला दोनच पर्याय, ‘हो, या’ आणि ‘उद्या नको’. चित्र कस्टमर केअरच्या मुलीचं होतं.

दुसरा कागद होता तिरक्या अक्षरातला, फक्त एका ओळीचा. ‘घर बंद असेल तर कॉलचे अर्धे पैसे टेक्निशियनला द्या.’ नाव नव्हतं, पण अक्षरावरून सगळ्यांना कळलं. त्यालाही पाच टिकल्या. अकाउंट्सच्या काकांनी खिशातून कागद काढला. एका फुकट फेरीला पेट्रोल किती जातं, याचा हिशोब त्यांनी आदल्या रात्रीच करून आणला होता.

सरांचा चेहरा जरा उतरला. ‘हे माझ्या हातात नाही रे,’ ते म्हणाले.

इथं मला जीईचा तो नियम आठवला. मी म्हटलं, ‘सर, हो, नाही, किंवा तारीख. बघू चालणार नाही.’ सगळे माझ्याकडे बघायला लागले. सर क्षणभर थांबले आणि फळ्यावर पंधरा दिवसांनंतरची तारीख लिहिली. खाली सही केली. ती सही पुढचे पंधरा दिवस कुणी पुसू दिली नाही. हाउसकीपिंगच्या मावशींनाही सांगून ठेवलं होतं!

तिसरा दिवस: पाच जणांची परीक्षा

तिसऱ्या दिवशी सकाळी नमुना. कोडिंगची एक ओळही नाही. दोन फोन, एक नवा नंबर आणि हाताने टाइप केलेला मेसेज. दादांचा फोटो ऑफिसच्या भिंतीसमोर काढला. त्याआधी त्यांनी तीनदा भांग पाडला.

दुपारी पाच ग्राहक. सगळे त्या महिन्यात ‘घर बंद’ यादीत आलेले. दोघं ऑफिसात आले, तिघं व्हिडिओ कॉलवर भेटले. पाचच का? वेबसाइट किंवा अ‍ॅप वापरायला सोपं आहे की नाही, हे तपासण्यात जेकब निल्सन या तज्ज्ञाचं नाव मोठं. त्याने २००० मध्ये मांडलं, की अशा चाचणीत पाच माणसांमध्येच सुमारे ८५ टक्के अडचणी उघड्या पडतात. पुढची माणसं बहुतेक तेच सांगतात. अर्थात पाच माणसं चूक दाखवतात, बाजार किती मोठा आहे हे दाखवत नाहीत. तेवढं भान ठेवायचं.

आमच्या पाचांनी काय दाखवलं? दिवसभर घरी एकट्या असणाऱ्या एका ताईंना वेळेपेक्षा फोटो महत्त्वाचा वाटला. ‘कोण येणार ते आधी कळलं की दार उघडायला भीती नाही.’ हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात नव्हतं. एक आजोबा म्हणाले, ‘व्हॉट्सअ‍ॅप नातीच्या फोनवर आहे, मला आपला फोन करा.’ आणि ‘उद्या नको’वर येऊन जवळजवळ सगळेच अडखळले. उद्या नको, मग कधी? ते विचारायला जागाच नव्हती! आम्ही ज्याला पूर्ण उत्तर समजत होतो, त्याला दुपारी चारच्या सुमारास भोक पडलं. पण ते फुकटात पडलं आणि संध्याकाळी सहापर्यंत बुजवलंही. ‘उद्या नको’ऐवजी तीन पर्यायी वेळा टाकल्या. आजोबांसारख्यांसाठी ऑफिसच्या नंबरवरून फोन करायचं ठरलं.

पुढच्या सोमवारपासून कोथरूडपुरतं सुरू केलं, तेही हाताने मेसेज पाठवून. जादू वगैरे झाली नाही. लोक अजूनही ‘हो, या’ म्हणतात आणि भाजी आणायला जातात! पण कोथरूडच्या यादीत ‘घर बंद’ रोज दिसायचं, ते आता अधूनमधून दिसतं.

आणि ती तारीख? पंधराव्या दिवशी सरांनी सगळ्यांना बोलावलं. अर्ध्या पैशांना वरून नकार आला होता. पण घर बंद निघालं तर पेट्रोलचा ठरावीक भत्ता मंजूर झाला होता. सरांनी नकाराचं कारणही स्पष्ट सांगितलं, लपवालपवी नाही.

दादांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘चांगलं झालं, सर. पण हे आधी कुणी विचारलं असतं, तर ती तीन पोरं गेली नसती.’

यावर कुणी काही बोललं नाही. बोलण्यासारखं नव्हतंच.

मग खरी किल्ली कुठली?

लोकांना वाटतं, या वर्कशॉपची ताकद घड्याळात आहे. टायमर लावला, धावपळ केली, झालं काम. मला तसं वाटत नाही. आमच्याकडे घड्याळाने एवढंच केलं, की फाफटपसारा काढून टाकला. काम झालं ते दोन गोष्टींमुळे. ज्यांच्या हाताला रोज तो प्रश्न लागतो, ती माणसं खोलीत होती. आणि ज्याच्या सहीने काही बदलू शकतं, तो माणूसही त्याच खोलीत होता, सगळ्यांसमोर. यातला एक नसेल तर तीन दिवस काय, तीन महिनेही कमीच पडतील.

म्हणूनच हे औषध प्रत्येक दुखण्यावर चालत नाही. उत्तर वर आधीच ठरलेलं असेल आणि खालच्यांना ‘सहभाग’ वाटावा म्हणून वर्कशॉप असेल, तर लोकांना ते पहिल्या तासात कळतं. पुढच्या वेळी ते खरं बोलत नाहीत. माणसं कमी करायचा विषय असेल तर टिकल्या लावून मतं घेऊ नका, ती क्रूर थट्टा होईल. प्रिंटर कुठं ठेवायचा, यासाठीही तीन दिवस नकोत. आणि ज्या प्रश्नाला वर्षभराचा अभ्यास लागतो, त्याला वर्षच द्यावं लागतं. तीन दिवसांत फार तर पहिला धागा हाती लागेल.

चौकट: करून बघायचंय?

* प्रश्न एकाच ओळीत लिहा. त्यात उत्तर दडलेलं नको. ‘कोणतं अ‍ॅप?’ हा प्रश्न नव्हे, ती खरेदी आहे!
* माणसं सातपर्यंतच. त्यात ग्राहकाशी रोज बोलणारा एक तरी हवाच, मग त्याचं पद काहीही असो.
* निर्णय घेणारा पूर्ण वेळ हवा. ‘मी अधूनमधून डोकावतो’ म्हणणारे साहेब असतील तर तारीख पुढे ढकला.
* मोबाइल डब्यात, लॅपटॉप बंद. दर दीड तासाने सुट्टी द्या, तेव्हा मेल बघून घ्या. आणि चहा वेळेवर हवा, याला पर्याय नाही.
* आधी लिहा, मग बोला. कागदावर नावं नकोत.
* नमुना स्वस्त आणि फाडून टाकण्याजोगा करा. त्यावर जीव जडला, की ग्राहकाचं ऐकू येत नाही.
* पाच ग्राहक पहिल्याच दिवशी ठरवून ठेवा. ऐन वेळी शोधायला गेलात तर शेजारच्या टीमवर येऊन थांबाल.
* हो, नाही, किंवा तारीख. फळ्यावर, सहीसकट.

तर मंडळी, पुढच्या वेळी कॅलेंडरवर ‘अर्जंट डिस्कशन’ नावाचं आमंत्रण आलं, की ‘अ‍ॅक्सेप्ट’ दाबण्याआधी दोनच गोष्टी विचारून बघा. हा प्रश्न रोज कुणाच्या पायात येतो, आणि त्यावर ‘हो’ कोण म्हणणार? दोघंही यादीत असतील तर खुशाल तीन दिवस काढा. नसतील, तर आधी त्यांना बोलवा. बिस्किटांचं नंतर बघू!